आजारी नवजात बाळ : सरकारी रुग्णालयात मिळणारे मोफत उपचार आणि आई-वडिलांनी करायच्या गोष्टी

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात बाळ म्हणतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालानुसार आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २० बाळे या २८ दिवसांतच दगावली. यामागची मोठी कारणे तीन आहेत : बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे असणे, जन्मताच श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग होणे. या तिन्हींवरील बरेचसे उपचार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होऊ शकतात. ऊब, आईचे दूध, प्राणवायू, प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि काविळीसाठी निळा प्रकाश एवढ्या साधनांवर पुष्कळ बाळे वाचतात. मात्र बाळ वेळेवर तिथे पोहोचले पाहिजे आणि उपचार पूर्ण होईपर्यंत तिथे राहिले पाहिजे. ही दोन्ही कामे बऱ्याच अंशी कुटुंबाच्या हाती असतात.

कोणत्या रुग्णालयात काय मिळते

जिथे प्रसूती होते अशा प्रत्येक सरकारी केंद्रात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातही, नवजात बाळासाठी एक कोपरा राखलेला असतो. तिथे बाळाला ऊब देणारे यंत्र आणि श्वास देण्याची पिशवी व मुखवटा असतो. जन्मल्यावर बाळ रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास द्यावा लागतो. प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना याचे प्रशिक्षण देण्यासाठी २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. घरी प्रसूती करू नका असे वारंवार सांगितले जाते, त्याचे सर्वांत मोठे कारण हे एक मिनिटच आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु स्थिरीकरण कक्ष. तिथे साधारण चार खाटा असतात. किंचित कमी वजनाची बाळे, कावीळ, दूध नीट न पिणे असे त्रास तिथे सांभाळले जातात आणि गंभीर बाळाची प्रकृती स्थिर करून त्याला पुढे पाठवले जाते.

जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या प्रसूतिगृहांत विशेष नवजात काळजी कक्ष असतो. गावात लोक ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ म्हणतात, ते बहुधा या कक्षाबद्दलच. इथे किमान १२ खाटा असतात आणि प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका २४ तास असतात. वजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी असलेली, ३४ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली, श्वासाचा त्रास असलेली, झटके आलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली बाळे इथे दाखल होतात. शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम श्वासयंत्र लागणार असेल, तर बहुतेक जिल्ह्यांतून बाळाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात.

बाळ आजारी दिसले की थेट जिल्ह्याला धाव घेण्याची गरज नाही. जवळच्या केंद्रात आधी दाखवा. तिथे बाळाला ऊब मिळेल, इंजेक्शनची पहिली मात्रा मिळेल आणि पुढच्या प्रवासासाठी रुग्णवाहिकाही तिथूनच मिळेल. आजारी बाळाला दुचाकीवर किंवा खच्चून भरलेल्या वडापमध्ये दोन-तीन तास नेले तर तेवढ्यात ते गार पडते, आणि आजारापेक्षा हे गार पडणेच कधीकधी जिवावर बेतते.

बाळाला ताबडतोब न्यावे अशी लक्षणे

मोठ्या माणसाला ताप येतो, खोकला येतो, तो काय होते ते सांगू शकतो. नवजात बाळ यातले काही करत नाही. त्याला कोणताही गंभीर आजार झाला तरी पहिली खूण बहुतेक वेळा एकच असते : काल नीट पिणारे बाळ आज पीत नाही. ‘झोपाळू झालंय, दमलंय’ म्हणून थांबू नका. पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तरी त्याच तासाला निघा, रात्र असली तरी.

- बाळ दूध ओढत नाही किंवा पिणे अचानक कमी झाले आहे
- झटके येतात, अंग ताठ होते
- शांत असताना एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेते, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जातो
- अंग तापले आहे किंवा तळपाय आणि पोट दोन्ही गार लागतात
- हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, अगदी मलूल आहे
- जन्माच्या पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा नंतर कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसतात
- नाळेभोवतीची कातडी लाल झाली आहे, तिथून पू येतो, किंवा अंगावर पू असलेल्या दहा किंवा जास्त पुटकुळ्या आहेत

श्वास मोजायचे तर घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट बाळाच्या पोटाकडे पाहा. ६० भरले तर पुन्हा एकदा मोजा, कारण बाळाचा श्वास मधूनच जलद होतो. आशाताईंकडे तापमापी असते. काखेत मोजलेले तापमान ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट असावे. ९५.९ च्या खाली गेले किंवा ९९.५ च्या वर चढले तर रुग्णालयात न्या. तापमापी नसेल तर हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच उराशी धरा. दोन्ही गार असतील तर ते आजारी समजा.

काही गोष्टी मात्र आजार नसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर लालसर पुरळ येणे, कातडीचे पापुद्रे निघणे, पिऊन झाल्यावर थोडे दूध बाहेर येणे, मुलीच्या लघवीच्या जागी एक-दोन दिवस रक्ताचा डाग दिसणे, मुलाची किंवा मुलीची छाती सुजल्यासारखी वाटणे हे सारे आपोआप जाते. छाती पिळून दूध काढण्याची पद्धत काही घरांत आहे, तिने गळू होते. ते करू नका. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नका, ती कोरडी ठेवा. पोट फुगले म्हणून पोटावर चटके देण्याची रीत काही भागांत अजून टिकून आहे. फुगलेले पोट हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि चटक्यांच्या जखमेतून नवा संसर्ग आत जातो.

नेहमी आढळणारे आजार आणि त्यांवरील उपचार

*गार पडणे आणि कमी वजन.* जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेले बाळ कमी वजनाचे मानतात. अशा बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, त्याला थंडीने कापरे भरत नाही आणि त्याची ऊब डोक्यातून भराभर निघून जाते. ऊब टिकवण्यात शक्ती खर्च झाली की रक्तातील साखर उतरते, ते दूध ओढत नाही, आणि दूध कमी पडल्याने आणखी गार पडते. हे चक्र तोडण्याचा सर्वांत चांगला उपाय कांगारू मातृसेवा हा आहे. फक्त लंगोट, टोपरे आणि पायमोजे घातलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभे ठेवून वरून कापडाने बांधायचे. दिवसात जितके जास्त तास शक्य तितके, किमान आठ तास. आई थकली तर वडील, आजी, मावशी कोणीही हे करू शकते.

ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या. म्हणून आजही अनेकांना वाटते की पेटी नसेल तेव्हा करायची ही तडजोड आहे. तसे नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह पाच देशांच्या रुग्णालयांत १००० ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवले, आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबून मग ही सेवा सुरू केलेल्या बाळांपेक्षा त्यांच्यातील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. रुग्णालयात कोणी सुचवले नाही तर तुम्हीच विचारा, ‘मी बाळाला छातीशी कधीपासून धरू?’

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे एकाच वेळी जमत नाही. त्याला आईचेच दूध हाताने काढून नळीने, आणि नंतर बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने देतात. बाळ पेटीत आणि आई दुसऱ्या मजल्यावर, असे असले तरी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहिले पाहिजे. पहिल्या दिवशी चमचाभरच चीक निघतो आणि बाया घाबरतात. बाळाची गरजही तेवढीच असते. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. दहा-पंधरा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येते.

*कावीळ.* निम्म्याहून जास्त बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडी कावीळ होते आणि ती दोन आठवड्यांत उतरते. मात्र कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते, बहिरेपण येऊ शकते. म्हणून कावीळ चेहऱ्यावर, छातीवर, पोटावर, की तळपायापर्यंत उतरली आहे, हे दिवसाच्या उजेडात रोज पाहावे. उपचार म्हणजे निळ्या प्रकाशाखाली ठेवणे. डोळे झाकलेले आणि अंगावर फक्त लंगोट असलेले बाळ पाहून घरच्यांना वाईट वाटते. तरी ते वारंवार बाहेर काढून कुशीत घेऊ नका, फक्त दूध पाजायला घ्या. या काळात बाळाला हिरवट पातळ शी होते, ती अपेक्षितच आहे. कोवळ्या उन्हात ठेवून वाढलेली कावीळ उतरत नाही, उलट बाळ उघडे राहून गार पडते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर प्रसूतीआधीच सांगा. अशा बाळांपैकी काहींना मोठ्या रुग्णालयात रक्त बदलावे लागते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली, किंवा शी पांढरट आणि लघवी गडद पिवळी होत असेल, तर यकृताची तपासणी लवकर व्हायला हवी.

*जंतुसंसर्ग.* याला प्रतिजैविकांची इंजेक्शने लागतात आणि ती पूर्ण दिवस घ्यावी लागतात. तिसऱ्या दिवशी बाळ पिऊ लागले म्हणून घरी नेले, तर संसर्ग पुन्हा उसळतो आणि मग तीच औषधे लागू पडत नाहीत. मोठ्या रुग्णालयात नेणे कुटुंबाला खरोखरच शक्य नसेल, तर आरोग्य सेविकेने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन असा सात दिवसांचा उपचार देण्याची तरतूद केंद्र सरकारने २०१४ मध्ये केली आहे. हा दुसरा मार्ग आहे, पहिला नव्हे. काहीच उपचार न होण्यापेक्षा मात्र तो कितीतरी बरा.

*जन्मताच श्वास न घेणे.* अशा बाळाला श्वास दिल्यावरही काही दिवस देखरेखीखाली ठेवतात, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात. त्याची वाढ पुढे नियमित तपासून घ्यावी लागते.

पैसे लागतात का?

नाही. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती पूर्णपणे मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. सुरुवातीला जन्मापासून ३० दिवसांपर्यंतच्या आजारी बाळांना ही सोय होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढवली. यात बाळाची तपासणी, दाखल होणे, औषधे, सुया-नळ्या, रक्त-लघवीच्या व इतर चाचण्या, रक्त, घरून रुग्णालयात नेणे, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणे आणि घरी सोडणे हे सर्व येते. कोणतीही नोंदणी फी नाही. उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे रेशन कार्ड यांची अट नाही, आणि हे कितवे मूल आहे हेही कोणी विचारू नये. प्रसूत आईला साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस मोफत जेवण मिळते.

ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात वा दुसऱ्या राज्यात असाल, तरी तिथल्या सरकारी रुग्णालयात हाच हक्क लागू आहे. ‘तुमच्या गावी जा’ असे सांगून बाळाला परत पाठवता येत नाही. सोबत माता व बाल संरक्षण कार्ड ठेवा. ते नसले तरी आजारी बाळावरचे उपचार अडत नाहीत.

रुग्णवाहिकेसाठी बहुतेक राज्यांत १०२ किंवा १०८ हे क्रमांक आहेत. कोणी बाहेरून औषध आणायला सांगितले किंवा पैसे मागितले, तर आधी रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटा. या कार्यक्रमासाठी जिल्ह्यात एक नोडल अधिकारी नेमलेला असतो. अनेक राज्यांत १०४ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. बाळाला खासगी रुग्णालयात न्यावेच लागले आणि कुटुंबाचे आयुष्मान कार्ड असेल, तर दाखल करण्यापूर्वी ते रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आयुष्मान मित्राला विचारा. नवजात बाळांच्या काळजीसाठी त्या योजनेत स्वतंत्र पॅकेज आहेत.

एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना

निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या : कोणते औषध किती वाजता दिले हे लिहिलेली संदर्भ चिठ्ठी, पुढच्या रुग्णालयाला फोन केल्याची खात्री आणि इंजेक्शनची पहिली मात्रा. वाटेत बाळाला छातीशी बांधा, डोके झाका. बाळ पीत असेल आणि डॉक्टरांनी मना केले नसेल, तर वाटेत पाजत राहा. आईला सोबत न्या. बाळंतीण आहे, हिंडू नये, म्हणून आईला मागे ठेवून वडील आणि काका बाळ घेऊन येतात, असे वारंवार घडते. मग तिथे दूध नाही आणि छातीवर घ्यायला आई नाही. आईची प्रकृती स्वतःच गंभीर नसेल, तर ती बाळासोबतच असावी.

कक्षात बाळ असताना तुमचे काम

बाळाला काचेआडूनच पाहायचे, अशी पूर्वीची पद्धत होती. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाने नवजात बाळाची काळजी घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार आई आणि जवळच्या नातेवाइकाला हात धुऊन, स्वच्छ गाऊन घालून आत येऊ द्यावे आणि दूध पाजणे, लंगोट बदलणे, छातीशी धरणे शिकवावे. परिचारिका एक आणि बाळे अनेक, अशी स्थिती बहुतेक कक्षांत असते. बाळ उलटी करते आहे, रंग बदलतो आहे, सलाईनच्या जागी हात सुजला आहे हे जवळ बसलेल्या आईच्या आधी लक्षात येते. दिसले की लगेच सांगा, ‘सिस्टर काय म्हणतील’ असा विचार करू नका.

हात धुणे मात्र कोणासाठीही सुटत नाही. कोपरापर्यंत, साबणाने, अंगठ्या-बांगड्या काढून, आणि दर वेळी आत जाताना.

आठ-दहा दिवस उलटले की घरची ओढ लागते. मजुरी बुडते, मोठे मूल शेजारणीकडे असते, सासूबाई फोनवर विचारत असतात. अशा वेळी काही कुटुंबे कागदावर सही करून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध बाळ घरी नेतात. हे करण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : आणखी किती दिवस, आणि कशासाठी? उत्तर बहुतेक वेळा नेमके मिळते, जसे ‘इंजेक्शनचे चार दिवस बाकी आहेत’. चार दिवस म्हटले की सोय लावता येते. मुलगी असेल तर हा निर्णय घाईने होतो आणि या कक्षांत मुली मुलांपेक्षा कमी आणल्या जातात, हे देशभरच्या नोंदींत दिसून आले आहे. मुलीचे उपचारही तितकेच मोफत आहेत.

घरी सोडल्यानंतर

प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा वेळा घरी येतात. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात वेळा. या गृहभेटींमागे गडचिरोलीचा अनुभव आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि नवजात मृत्यूंत मोठी घट झाल्याचे १९९९ मध्ये जगासमोर मांडले. २०११ पासून अशा गृहभेटी देशभर सुरू झाल्या. बाळ कक्षातून घरी आले की आशाताईंना त्याच दिवशी कळवा. माहेरी गेला असाल तर तिथल्या आशाताईंना. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही त्यांच्या भेटी असतात.

डिस्चार्ज कार्डावर पुन्हा दाखवण्याची तारीख लिहिलेली असते. तिच्याशिवाय आणखी दोन गोष्टी पाहा. जन्मतःच्या लसी (बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी) बाळ आजारी असल्याने राहून गेल्या असतील, तर कधी द्यायच्या ते विचारून घ्या. दुसरी गोष्ट डोळ्यांची. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले असेल किंवा वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याच्या डोळ्यांचा पडदा महिना पूर्ण होण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. अगदी लहान बाळांचा त्याहूनही लवकर, दोन-तीन आठवड्यांतच. अशा बाळांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, बाळ दिव्याकडे पाहतेही, आणि आत दृष्टी जात असते. वेळेत कळले तर लेझरने दृष्टी वाचते, उशीर झाला तर काही करता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिलेली नसेल, तर रुग्णालयाबाहेर पडण्यापूर्वी ती लिहून घ्या.